१४५३ ला फुकटचं श्रेय

स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत एक प्रश्न हमखास असतो: युरोपातल्या प्रबोधनाची कारणं सांगा. उत्तराची पहिली ओळही ठरलेली असते. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, तिथले ग्रीक पंडित हस्तलिखितं बगलेत मारून इटलीला पळाले आणि त्यांनी आणलेल्या ज्ञानाने झोपलेला युरोप जागा झाला. शाळेत पाठ झालेली, क्लासमध्ये घोटून घेतलेली ही ओळ पुढे व्याख्यानमालांतून आणि वर्तमानपत्री सदरांतून माणसाची आयुष्यभर सोबत करते. तिच्यात नाट्य आहे. एक तारीख, एक वेढा, एक पळापळ. लक्षात ठेवायला सोपी, सांगायला रंगतदार. फक्त खरी नाही.

आधी तारखाच पाहू. दान्ते वारला १३२१ मध्ये. जोत्तोने पादुआच्या अरेना चॅपेलच्या भिंती १३०५ च्या सुमारास रंगवल्या. रोमच्या कॅपिटॉल टेकडीवर पेत्रार्कच्या डोक्यावर कविमुकुट चढला १३४१ साली, आणि वेरोनाच्या कॅथीड्रलच्या ग्रंथसंग्रहात सिसेरोची पत्रं त्याच्या हाती लागली १३४५ साली. पोज्जो ब्राच्चोलीनीने एका मठाच्या अडगळीतून ल्युक्रेशियसचं काव्य उजेडात आणलं १४१७ मध्ये. मासाच्चो ऐन तारुण्यात १४२८ मध्ये गेला, पण तोवर सपाट भिंतीवर खोली कशी दाखवायची हे त्याने फ्लॉरेन्सला शिकवून ठेवलं होतं. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलवर ब्रुनेलेस्कीचा घुमट उभा राहिला आणि १४३६ मध्ये खुद्द पोपच्या हस्ते त्या वास्तूचा अभिषेक झाला. समोरच्या बाप्तिस्मागृहाची गिबर्तीची सोनेरी दारं पुरी झाली १४५२ मध्ये, म्हणजे वेढ्याच्या आदल्या वर्षी.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली तर लोक कावळ्याला दोष देतात, ते एक वेळ समजू शकतं. इथे फांदी तुटून दीडशे वर्षं झाल्यावर कावळा आला आहे, आणि तरी श्रेय त्यालाच.

एवढं ऐकल्यावर या कथेचे वकील एक पाऊल मागे घेतात. म्हणतात, बरं, १४५३ नको. पण ग्रीक विद्वान त्याआधीपासून येतच होते की! साम्राज्य खंगत होतं, शहाणे लोक आधीच बाहेर पडत होते. युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. मात्र जे आले ते कसे आले, हे कोणी विचारत नाही. मानुएल क्रिसोलोरास १३९७ मध्ये फ्लॉरेन्सला आला तो निर्वासित म्हणून नव्हे, नेमणूक होऊन. नगराचा चान्सलर कोलुच्चो सालुतातीने खटपट करून, सरकारी पत्र धाडून, पगार ठरवून त्याला बोलावलं होतं. त्याच्या वर्गात लिओनार्दो ब्रुनी नावाचा कायद्याचा एक विद्यार्थी होता. ग्रीक शिकावं की कायदा पुरा करावा, या पेचात तो पडला, आणि कायद्याचे शिक्षक ढिगाने मिळतात, ग्रीकचा हा एकच आहे, असा हिशोब करून त्याने कायदा सोडला. पुढे हाच ब्रुनी फ्लॉरेन्सचा चान्सलर झाला. जोवान्नी आउरिस्पाने १४२३ मध्ये व्हेनिसच्या धक्क्यावर २३८ ग्रीक ग्रंथ उतरवले. हा आउरिस्पा सिसिलीचा, म्हणजे इटालियन. पुस्तकं विकत घेण्यासाठीच कॉन्स्टँटिनोपलला गेला होता. ग्रंथ आपणहून चालत आले नाहीत. इटलीतून माणसं गेली, पैसे मोजले आणि ग्रंथ आणले.

त्याहून मोठी अडचण भूगोलाची आहे. ग्रीक विद्येच्या शेजाराने प्रबोधन घडत असतं तर ते कॅलाब्रियात घडायला हवं होतं. इटलीच्या त्या दक्षिण टोकाला ग्रीक बोलणारी गावं आणि ग्रीक विधी पाळणारे मठ शतकानुशतकं होते. पेत्रार्कला ग्रीक मुळाक्षरं गिरवायला लावणारा बार्लाम कॅलाब्रियाचा, आणि होमरचं लॅटिन भाषांतर करून देणारा लेओंत्सिओ पिलातोही तिथलाच. कॅलाब्रियात काय घडलं? काही नाही. किंवा मग व्हेनिसमध्ये घडायला हवं होतं. व्हेनिसचं बायझंटाईन साम्राज्याशी पिढ्यान्पिढ्यांचं येणंजाणं. १२०४ मध्ये तर चौथ्या क्रूसेडवाल्यांना हाताशी धरून व्हेनेशियनांनी कॉन्स्टँटिनोपल यथेच्छ लुटलं. संत मार्कच्या चर्चवर बसवलेले तांब्याचे चार घोडे त्याच लुटीतले. (तुर्कांच्या नावाने बोटं मोडणाऱ्या कथेत ही लूट कधी येत नाही, हेही लक्षात घ्या.) एवढा खजिना घरात येऊनही व्हेनिस पुढची दोनशे वर्षं या चळवळीत मागेच राहिलं. आणि जिथे ग्रीकचा गंध नव्हता त्या पादुआत आणि फ्लॉरेन्समध्ये ठिणगी पडली. पेत्रार्कला १३५४ च्या सुमारास ग्रीक होमरची एक प्रत भेट मिळाली. ती वाचता येत नव्हती. ती छातीशी धरून आपण उसासे टाकतो, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. न कळणाऱ्या पुस्तकासाठी उसासे टाकणारा माणूस आधी तयार झाला, शिकवणारा नंतर आला. हा माणूस तयार कसा झाला, हा खरा प्रश्न.

त्याचं उत्तर शोधायला राजवाड्यात जाऊ नका, दस्तऐवज लिहिणाऱ्यांच्या कचेरीत जा. उत्तर इटलीतली नगरं बाराव्या शतकापासून स्वतःचा कारभार स्वतः पाहत होती. ११७६ मध्ये लेन्यानोच्या लढाईत त्यांनी सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचा पराभव केला आणि ११८३ च्या कॉन्स्टान्सच्या तहात त्याच्याकडून स्वराज्याची कबुली घेतली. राजा नाही, सरंजामदाराचा शब्द नाही. मग व्यवहार चालणार कशाच्या जोरावर? कागदाच्या. जमिनीची विक्री, मुलीचा हुंडा, मृत्युपत्र, भागीदारी, कर्ज, दोन नगरांमधला तह, सगळं लॅटिनमध्ये लिहिलं जायचं आणि ते लिहिणारा नोटरी असायचा. हा शिकलेला, कायदा जाणणारा, गावात वजन असलेला माणूस. लॅटिन त्याच्या देव्हाऱ्यात नव्हतं, रोजच्या भाकरीत होतं. चर्चमधला पाद्री जे लॅटिन घोकून म्हणायचा, ते हा लेखणीने वापरायचा, आणि चांगलं लॅटिन लिहिणाऱ्याला चांगलं काम मिळायचं. रोमन कायद्याचा अभ्यास बोलोन्यात जोरात होताच. कायद्याच्या निमित्ताने प्राचीन रोम या लोकांच्या मेजावर आधीच येऊन पडलं होतं. कायद्याकडून सिसेरोकडे जायला फार लांब जावं लागत नाही.

पादुआचं उदाहरण घ्या, कारण सगळी गोष्ट तिथे उघड दिसते. लोवातो लोवाती हा तिथला न्यायाधीश, १२४१ ते १३०९ हा त्याचा काळ. फावल्या वेळात तो सेनेकाच्या विसरल्या गेलेल्या शोकांतिका वाचायचा, त्यातल्या वृत्तांची टिपणं करायचा. नगरात एक जुनी शवपेटी सापडली तेव्हा ही पादुआचा संस्थापक, ट्रॉयचा वीर अँटेनोर याचीच, असा निर्वाळा त्याने दिला. ती अँटेनोरची नव्हतीच, हे सांगायला नको. पण नगराने तिच्यावर दगडी छत्री उभारली आणि ती आजही पादुआच्या चौकात आहे. गावाला पूर्वज हवा होता आणि न्यायाधीशाने तो मिळवून दिला.

त्याचा शिष्य आल्बेर्तीनो मुस्सातो, धंद्याने नोटरी. त्याच्या काळात वेरोनाचा कांग्रांदे देल्ला स्काला पादुआ गिळायला टपला होता. मुस्सातोने सेनेकाच्या धर्तीवर लॅटिनमध्ये शोकांतिका लिहिली. नायक ट्रॉयचा किंवा ग्रीसचा नव्हता. तो होता एझेलिनो दा रोमानो, पादुआवर अनन्वित जुलूम करून पन्नासेक वर्षांपूर्वीच मेलेला हुकूमशहा. आजोबांनी त्याला डोळ्यांनी पाहिलेलं होतं. वाचणाऱ्याला एझेलिनोत कांग्रांदे दिसावा, हा सरळ हेतू. नगराने १३१५ मध्ये मुस्सातोला वाजतगाजत कविमुकुट घातला, आणि दर नाताळात या नाटकाचं जाहीर वाचन करायचं असा ठराव केला. प्राचीन वाङ्मय इथे संग्रहालयातून येत नाही, ते शत्रू वेशीपर्यंत आला म्हणून येतं. नाटकाने पादुआ वाचलं का? नाही. १३२८ मध्ये कांग्रांदेने ते घेतलंच, आणि मुस्सातो पुढच्या वर्षी परागंदा अवस्थेत मेला. पण एका नगराने आपल्या बचावासाठी सेनेकाला कामाला लावलं, ही गोष्ट १४५३ च्या जवळजवळ एकशेचाळीस वर्षं आधीची आहे.

नोटरींचा हा धागा ओढत गेलं की थक्क व्हायला होतं. इटलीत नोटरीच्या नावाआधी ‘सेर’ लावायचे. पेत्रार्कचा बाप सेर पेत्राक्को. मुलाने कायदाच शिकावा म्हणून त्याची पुस्तकं आगीत टाकणारा, आणि पोरगं रडायला लागल्यावर व्हर्जिल आणि सिसेरो तेवढे बाहेर काढून देणारा. ब्रुनेलेस्की हा सेर ब्रुनेलेस्कोचा मुलगा. मासाच्चो सेर जोवान्नीचा. लिओनार्दो दा विंची सेर पिएरोचा. पोज्जो स्वतः नोटरी, सालुताती स्वतः नोटरी. दस्त लिहिणाऱ्यांच्या घरांतून एवढी माणसं बाहेर पडतात, आणि आपण मात्र पळून आलेल्या पंडितांची वाट बघत बसतो.

सालुताती १३७५ पासून १४०६ मध्ये मरेपर्यंत फ्लॉरेन्सचा चान्सलर होता. नगराची परराष्ट्रपत्रं त्याच्या हातची. मिलानचा जानगालेआत्सो व्हिस्कोन्ती एकेक नगर गिळत फ्लॉरेन्सवर चालून येत होता, तेव्हा सालुतातीचं एक पत्र मला हजार घोडेस्वारांपेक्षा महागात पडतं, असं तो म्हणाल्याची दंतकथा आहे. दंतकथा खोटी धरली तरी ती रचली गेली, यातच काय ते आलं. मिलानच्या बाजूने आन्तोनिओ लोस्की फ्लॉरेन्सवर लॅटिनमधून शिव्यांची लाखोली वाहत होता, फ्लॉरेन्सच्या बाजूने सालुताती उत्तर देत होता. वाद रंगला तो फ्लॉरेन्स वसवलं कोणी, यावर. लोककथा सांगायची की सीझरने. पण सीझर म्हणजे एकाधिकारशाही. सम्राटाच्या आणि हुकूमशहाच्या सोयीचा पूर्वज. सालुतातीने आणि मग ब्रुनीने जुने ग्रंथ चाळून मांडलं की नगर वसवलं ते सुल्लाच्या निवृत्त सैनिकांनी, म्हणजे रोममध्ये प्रजासत्ताक जिवंत असताना. पुराव्याने इतिहास लिहिण्याची ही सवय निव्वळ ज्ञानलालसेतून लागली असं मी मानत नाही. भांडण होतं, त्यात दाखला हवा होता, आणि खोटा दाखला दिला तर समोरचा तितकाच शिकलेला वैरी तो पकडणार होता.

माझ्या मते मर्म इथे आहे. या नगरांपैकी एकाचीही सत्ता निर्विवाद नव्हती. कागदोपत्री वर सम्राट किंवा पोप, शेजारी जळणारं नगर, घरात दोन तट, आणि गादीवर बसलेला कोणी असलाच तर काल-परवा तलवारीने आलेला. फ्रान्सच्या राजाला मी राजा का, हे रोज पटवून द्यावं लागत नव्हतं. इथे प्रत्येकाला पटवून द्यावं लागायचं: शब्दाने, दगडाने, रंगाने. सिएनाच्या नऊ कारभाऱ्यांनी आपल्या बैठकीच्या दालनात १३३८-३९ मध्ये आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीकडून सुराज्य आणि कुराज्य यांचे परिणाम भिंतभर रंगवून घेतले. नगरात नाचणाऱ्या पोरी, दुकानात जोडे विकणारा, घराच्या माळ्यावर काम करणारे गवंडी, वेशीबाहेर लादलेली गाढवं. येशूच्या चरित्राबाहेर जाऊन रोजचं जगणं इतक्या ऐसपैस भिंतीवर यायला सरकारी प्रचाराची गरज कारणी लागली.

नगरांची चढाओढ परवडली असं वाटावं इतकी ईर्षा नगराच्या आत होती. फ्लॉरेन्सचं ओरसान्मिकेले हे मुळात धान्यबाजाराचं ठिकाण. त्याच्या बाहेरच्या भिंतीत व्यावसायिकांच्या श्रेणींना एकेक कोनाडा दिलेला, आणि १४०६ मध्ये सरकारने फर्मान काढलं की दहा वर्षांत आपापल्या संताचा पुतळा बसवा. कालिमाला, म्हणजे परदेशी कापडाचे बडे व्यापारी, यांनी गिबर्तीकडून बाप्तिस्मा देणारा योहान घडवून घेतला, तोही ओतीव कांस्याचा. संगमरवरापेक्षा कांस्य कितीतरी पट महाग. मग सराफांच्या श्रेणीला कसं चैन पडणार? त्यांनी १४१९ मध्ये त्याच गिबर्तीशी करार केला, आणि अट घातली की आमचा मॅथ्यू कालिमालाच्या योहानाएवढा तरी हवाच, मोठा असला तर उत्तम. हे पाहून लोकरवाल्यांना आपला संगमरवरी स्टीफन खुजा वाटायला लागला. त्यांनी तो काढला आणि कांस्याचा बसवला. तागाच्या कापडवाल्यांची ऐपत एवढी नव्हती; त्यांनी दोनातेल्लोकडून संगमरवरी मार्क करून घेतला. कलावंतांची चरित्रं लिहिणारा वसारी सांगतो की पुतळा जमिनीवर असताना तो त्यांना बेढब वाटला. दोनातेल्लोने तो कोनाड्यात चढवून झाकून ठेवला, सुधारतो म्हणून पंधरा दिवस हातही न लावता काढले, आणि पडदा दूर करताच सगळ्यांनी वाहवा केली. किस्सा वसारीचा आहे, तेव्हा तिखटमीठ धरून चाला. तरी यातला एकही पुतळा कॉन्स्टँटिनोपलच्या पुस्तकातून आलेला नाही. शेजारच्या कोनाड्यातल्या पुतळ्यामुळे आलेला आहे.

पैसा? होताच. १२५२ मध्ये फ्लॉरेन्सने सोन्याचा फ्लोरिन पाडला, १२८४ मध्ये व्हेनिसने ड्यूकॅट. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मूळची हाच ड्यूकॅट, इतका तो फिरला. आणि पैशापेक्षा हिशोब महत्त्वाचा. पिसाच्या लिओनार्दोने, ज्याला आपण फिबोनाची म्हणतो, १२०२ मध्ये भारतीय अंकांची रीत लॅटिनमध्ये समजावली. ती त्याने उत्तर आफ्रिकेच्या बुजियात, बापाच्या व्यापारी ठाण्यावर, शिकली होती. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांनी हे नवे अंक वहीत लिहायला बंदी घातली. शून्याचा सहा करणं सोपं, अशी धास्ती असावी. बंदी फार टिकली नाही. १३३८ च्या सुमाराचं वर्णन करताना बखरकार जोवान्नी व्हिल्लानी लिहितो की शहरात हजार-बाराशे मुलं सहा शाळांतून हिशोब शिकत होती. आकडा थोडा फुगवलेला मानला तरी त्या काळी असं शहर दुसरीकडे दाखवणं कठीण. पण पैशानेच सगळं झालं म्हणणाऱ्यांनाही एक आठवण द्यायला हवी. जेनोआने फ्लॉरेन्सच्याच वर्षी सोन्याचं नाणं पाडलं, आणि या चळवळीत जेनोआ कुठे दिसतं का ते शोधून पाहावं.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. त्यांच्या मते हे सगळं नागरी स्वातंत्र्याचं फळ. कोणाचं स्वातंत्र्य? १३७८ मध्ये फ्लॉरेन्सच्या लोकर कामगारांनी, चोम्पींनी, बंड करून स्वतःची श्रेणी मिळवली आणि काही आठवड्यांत ती चिरडली गेली. १३६३ मध्ये याच नगराने ख्रिस्ती नसलेले गुलाम आणायची परवानगी दिली होती. १४०६ मध्ये स्वातंत्र्यप्रेमी फ्लॉरेन्सने पिसाची उपासमार करून ते खालसा केलं. आणि मांतेन्याने आपली उत्तम चित्रं काढली ती मांतुआच्या गोन्झागांच्या पदरी राहून. सत्ता प्रजासत्ताकाची असो की सरदाराची, तिला स्वतःचं समर्थन मांडण्याची निकड होती. ती निकड असेल तिथे चित्रकाराला आणि लॅटिनवाल्याला काम होतं.

मग ग्रीकांचं काही देणं नाही? आहे, आणि मोठं आहे. १४३९ च्या फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेला आलेल्या प्लेथोनने प्लेटोची ओढ लावली. १४५३ नंतर आर्जिरोपुलोसने फ्लॉरेन्समध्ये शिकवलं, बेस्सारिओनने आपला ग्रंथसंग्रह १४६८ मध्ये व्हेनिसला दिला, आणि आल्दुस मानुत्सिउसच्या व्हेनिसच्या छापखान्यातून १४९५ पासून ग्रीक ग्रंथ बाहेर पडू लागले ते ग्रीक संपादकांच्या मदतीने. चालत्या गाड्याला त्यांनी वेग दिला. गाडा सुरू त्यांनी केला नाही. उलट वाहतूकही पाहा. कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या सुलतान मेहमेदने आपलं चित्र काढायला व्हेनिसहून जेन्तीले बेल्लीनीला बोलावलं, आणि १४७२ मध्ये बायझंटाईन राजकन्येशी लग्न करून वारसा सांगू लागलेल्या मॉस्कोच्या इव्हानने क्रेमलिनचं मुख्य चर्च बांधायला १४७५ मध्ये आणला तो बोलोन्याचा फिओरावान्ती.

राहता राहिलं या कथेचं शेपूट: तुर्कांनी व्यापाराची वाट अडवली म्हणून युरोप समुद्राकडे वळला. व्हेनिसने पुढच्याच वर्षी, १४५४ मध्ये, सुलतानाशी तह करून व्यापार चालू ठेवला. मिरी-दालचिनी मुख्यतः यायची ती तांबड्या समुद्रातून कैरो-अलेक्झांड्रियामार्गे, म्हणजे इजिप्तवर राज्य करणाऱ्या मामलूकांच्या हद्दीतून. तुर्कांनी इजिप्त घेतलं १५१७ साली, वास्को द गामा कालिकतला लागल्यावर एकोणीस वर्षांनी. आणि पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पहिलं पाऊल टाकलं, सेउटा जिंकलं, ते १४१५ मध्ये. वाट अडवणारा मेहमेद जन्मला १४३२ साली.